घरच्या ऑनग्रिड सोलरला मागाहून बॅटरी लावायची असेल तर

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि मग आपल्याकडे गल्लीबोळात स्लॅबवर पॅनेल दिसायला लागले, ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी म्हटल्यावर कोण सोडतंय. पण बसवून झाल्यावर पहिल्यांदा भर दुपारी लाईट जाते तेव्हा घरातले सगळे एकमेकांकडे बघतात, वर रणरणतं ऊन आणि खाली पंखा बंद. सोलरवाल्याला फोन लावला की तो म्हणतो, साहेब हे ऑनग्रिड आहे, लाईट गेली की हे पण बंदच. हे आधी का नाही सांगितलं हा वेगळा भांडणाचा विषय, तो तूर्त सोडा. मग बॅटरीची चौकशी सुरू होते आणि तिथे प्रत्येक दुकानदार त्याच्याकडे जे पडून आहे तेच कसं बेस्ट ते सांगतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय. काम लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायचंय, पण काय करायचं हे ठरवणारे तुम्ही असलं पाहिजे.

आधी ऑनग्रिड बंद का पडतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ऑनग्रिड इन्व्हर्टर स्वतःच्या जिवावर २३० व्होल्ट उभे करत नाही, महावितरणच्या लाईनचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बघून तो त्यात आपली वीज ढकलतो. लाईन मेली की त्याला दोनेक सेकंदांत सुटावंच लागतं, याला अँटी आयलंडिंग म्हणतात, आयएस १६१६९ हे मानक त्याच्याच टेस्टिंगचं आहे. डीपीवरून लाईन बंद करून वायरमन खांबावर चढलेला असतो, त्याच वेळी तुमच्या घरातून उलटी वीज लाईनवर गेली तर तो माणूस जागेवर जाईल. त्यामुळे घरातल्या साध्या इन्व्हर्टरचं आउटपुट दाखवून ऑनग्रिडला ‘फसवून’ चालू ठेवायचा जुगाड कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. साध्या होम इन्व्हर्टरला उलट दिशेने येणारी वीज घेता येत नाही, घरात लोड कमी आणि वर ऊन जास्त झालं की पहिला तोच जळतो.

बिलासाठी की लाईट जाते म्हणून?

हे आधी ठरवा. माझं मत सांगतो, नेट मीटरिंग असलेल्या घराने बिल वाचवायला बॅटरी घेऊ नये. दुपारी तुम्ही लाईनवर टाकलेलं युनिट रात्री त्याच भावात परत मिळतंय, उरलेलं पुढच्या महिन्यात जातंय, असं ३१ मार्चपर्यंत चालतं आणि मग उरलंसुरलं कमी दराने हिशोबात निघतं. मे महिन्यात जमवलेलं युनिट ऑगस्टमध्ये वापरायची सोय कुठलीही घरगुती बॅटरी देणार नाही. आता बॅटरीचा हिशोब करा. समजा ५ युनिटच्या लिथियम बॅटरीचं कोटेशन १ लाख २० हजारांचं आलं, रोज त्यातून ४ युनिट काढले, दहा वर्षं एकही दिवस न चुकता, तर झाले १४,६०० युनिट, म्हणजे नुसत्या बॅटरीचाच खर्च युनिटमागे सव्वाआठ रुपये, इन्व्हर्टर वेगळा, आणि भरताना-काढताना जे दहाएक टक्के उडतात ते वेगळे. लाईनवर फुकट सांभाळलं जाणारं युनिट स्वतःच्या घरात सव्वाआठ रुपये देऊन कशाला सांभाळायचं?

याला दोन अपवाद आहेत. एक, ज्यांना नेट मीटरिंग मिळालंच नाही किंवा मंजूर लोडमुळे अडकलंय. दोन, जिथे वेळेनुसार दर लागतात, म्हणजे टीओडी. दुकान, क्लिनिक, छोटा कारखाना यांच्यातल्या बऱ्याच जणांना तो आधीपासून आहे, आणि २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांनाही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत आलीये. तुमच्या बिलात दुपारचं युनिट आणि रात्रीचं युनिट वेगवेगळ्या रकान्यात वजा होत असेल तर गणित बदलतं, म्हणून मागची दोन-तीन बिलं हातात घेऊन बसा आणि मगच बोला.

बाकी सगळ्यांसाठी बॅटरी म्हणजे लाईट गेल्यावरची सोय. हे एकदा मान्य केलं की बॅटरी किती मोठी घ्यायची हा प्रश्न निम्म्यावर येतो, कारण सगळं घर चालवायचं नसतं, जेवढ्यावाचून अडतं तेवढंच चालवायचं असतं.

लोडची यादी, आणि पंखे

कागद घ्या आणि लाईट गेल्यावर खरंच काय हवंय ते लिहा. साधारण चौकोनी कुटुंबाचं असं निघतं: चार पंखे, आठेक एलईडी, वायफायचा राउटर, फ्रीज, टीव्ही, मोबाईल-लॅपटॉप. गिझर, इस्त्री, इंडक्शन, एसी यांची नावं यादीत आली तर खोडा, एक २,००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की १ युनिट गेलं, तेवढ्यात तुमचे पंखे रात्रभर फिरले असते.

आता पंख्यांचं बघा, कारण बहुतेक जण इथेच पैसे वाया घालवतात. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा साधारण ३० वॅट. चार जुने पंखे दहा तास चालले तर ३ युनिट, चार बीएलडीसी चालले तर १.२ युनिट. फरक १.८ युनिटचा आणि तोही रोज रात्री. म्हणजे पंखे बदलले तर ५ युनिटच्या बॅटरीतला जवळजवळ निम्मा वापरता येणारा माल मोकळा होतो, आणि चार पंख्यांची किंमत बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नाही. मी तर म्हणेन की ज्याच्या घरी अजून जुने पंखे फिरतायत त्याने बॅटरीवाल्याला बोलवायच्या आधी पंखेवाल्याला बोलवावं.

बीएलडीसी धरून रात्रीच्या बारा तासांचा हिशोब असा येतो: पंखे १.२, दिवे पाच तास धरले तर ०.३६, राउटर ०.१२, फ्रीज साधारण ०.६, टीव्ही तीन तास ०.२४. बेरीज अडीच युनिट. एवढंच. ५१.२ व्होल्ट १०० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर) लिथियम बॅटरी कागदावर ५.१२ युनिटची असते, त्यातलं ८० ते ९० टक्के वापरायचं आणि इन्व्हर्टरचा लॉस धरायचा, तर हातात चारच्या आसपास येतात. अडीचच्या गरजेला चार म्हणजे ढगाळ दिवसाचीही थोडी सोय झाली. त्यामुळे १० युनिटची बॅटरी घ्या म्हणून कुणी मागे लागला तर त्याला तुमची यादी दाखवा.

युनिटांबरोबर एकावेळचा लोडही बघायचा, हे वेगळं गणित आहे आणि लोक त्यात गल्लत करतात. फ्रीजचा कंप्रेसर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतो. १ एचपीची मोटार चालताना पाऊण-एक किलोवॅट घेते पण उठताना तीन ते पाच पट मागते, म्हणून ३ किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर बोअरची मोटार टाकली की कधी उठते, कधी सगळं घर अंधारात. पाण्याची मोटार बॅकअपवर घेऊच नका, टाकी दिवसा भरून ठेवा. मिक्सर दोन मिनिटं चालतो, तो चालेल.

ट्युब्युलर की लिथियम

इथे फार वेळ घालवत नाही. ट्युब्युलर म्हणजे आपल्या नेहमीच्या ॲसिडच्या बॅटऱ्या, १५० एएचच्या दोन घेतल्या तर कागदावर ३.६ युनिट, पण त्या निम्म्याच्या खाली रोज उतरवल्या की लवकर मरतात, त्यामुळे लॉस धरून दीड-पावणेदोन युनिट धरा. वरून डिस्टिल्ड वॉटर, ॲसिडचा वास, टर्मिनलवर साचणारी पांढरी-निळसर बुरशी. ज्यांची लाईट महिन्यातून चार-दोनदाच जाते आणि बजेट कमी आहे त्यांनी खुशाल ट्युब्युलर घ्या, काही वाईट नाही, फक्त एएच कुठल्या रेटिंगवर लिहिलंय ते बघा. सोलरसाठी सी १० बघायचं, म्हणजे दहा तासांत उतरवून मोजलेलं, सी २० वर (वीस तासांत उतरवून) तीच बॅटरी कागदावर मोठी दिसते. रोज चार्ज-डिस्चार्ज करायची असेल तर लिथियम, आणि त्यातही एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. उष्णतेत ती इतर लिथियम प्रकारांपेक्षा बरीच शांत असते आणि तीन ते सहा हजार सायकल, म्हणजे भरून-उतरवायच्या फेऱ्या, सहज सांगतात. घेताना आयईसी ६२६१९ या सुरक्षा मानकाचं सर्टिफिकेट मागा, वॉरंटी किती वर्षं हे विचारता तसं किती सायकलला आणि शेवटी किती टक्के क्षमता राहिलेली असेल हेही लिहून घ्या. गाड्यांच्या जुन्या सेलपासून जोडलेले पॅक स्वस्तात मिळतात, ते घराच्या आत आणू नका.

जोडायचे तीन रस्ते

पहिला रस्ता सगळ्यात स्वस्त आणि बऱ्याच घरांना तेवढाच पुरतो: ऑनग्रिडला हातच लावायचा नाही. ते आपलं नेट मीटरवर चालू दे, आणि बाजूला साधा होम इन्व्हर्टर आणि बॅटरी, जी लाईनवरून चार्ज होईल. ती जी काही युनिटं खाते ती नेट मीटरच्या हिशोबात वजा होतातच, म्हणजे एका अर्थाने ती सोलरवरच चार्ज होतेय. कागदपत्रं नाहीत, सोलरच्या वॉरंटीला धक्का नाही. इन्व्हर्टर घेताना त्यात लिथियमचं सेटिंग आहे ना एवढं बघा. याचा तोटा एकच, लाईट दोन-तीन दिवस गेली की पहिल्या रात्रीनंतर बॅटरी रिकामी आणि वर पॅनेल असून उपयोग शून्य. पुण्या-नाशकात राहणाऱ्याला हा तोटा वर्षानुवर्षं जाणवणार नाही. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली पट्ट्यात खांबच्या खांब आडवे झाले आणि कित्येक गावांना लाईट यायला आठवडे लागले, तिथल्या माणसाने हा रस्ता धरून भागणार नाही. यातलाच एक मधला उपाय म्हणजे दोन जास्तीचे पॅनेल लावून ते चार्ज कंट्रोलरमधून थेट या बॅटरीला जोडायचे, ऑनग्रिडशी त्यांचा संबंध ठेवायचा नाही.

दुसरा रस्ता, ऑनग्रिड इन्व्हर्टर काढून त्या जागी हायब्रिड. पॅनेल, बॅटरी, लाईन तिन्ही एकाच डब्यात येतात, लाईट गेली तरी पॅनेल बॅटरी भरत राहतात आणि घरही चालतं. नव्याने सोलर बसवणाऱ्याने सरळ हाच विचार करावा. जुना ऑनग्रिड असेल तर मात्र तो चांगला चालणारा इन्व्हर्टर काढून ठेवणं जिवावर येतं, आणि सबसिडीवाल्या सिस्टीममध्ये त्या इन्व्हर्टरचा मेक आणि नंबर कागदावर चढलेला असतो हे विसरू नका.

या रस्त्यात एक ठिकाण असं आहे की तिथे पैसे जळतात, अक्षरशः. तुमच्या स्लॅबवर ५४० वॅटचे सहा पॅनेल एकामागे एक सिरीजमध्ये असतील. एकेकाचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे लोड न जोडता मिळणारं, ४९-५० च्या घरात, म्हणजे स्ट्रिंग झाली ३०० व्होल्टची. थंडीत ते अजून वाढतं, निफाडकडे जानेवारीत पहाटे पारा चार-पाचावर उतरतो तिथे पाच-सहा टक्के वर धरा. आता बाजारात ‘सोलर पीसीयू’ किंवा ऑफग्रिड इन्व्हर्टर म्हणून जे मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांची पॅनेलकडून घ्यायची मर्यादा शंभर-दीडशे व्होल्टच्या आसपास असते. त्याला ही ३०० ची स्ट्रिंग जोडली की पहिल्याच उन्हात तो गेला, आणि वॉरंटीत बसत नाही. त्यामुळे हायब्रिडच्या डेटाशीटवर दोन आकडे बघायचे, जास्तीत जास्त पीव्ही (पॅनेलचं) व्होल्टेज आणि एमपीपीटीची रेंज, म्हणजे किती ते किती व्होल्टमध्ये तो पॅनेलकडून नीट वीज घेतो. हाय व्होल्टेजवाल्यात ५०० पर्यंत मर्यादा आणि १२० च्या पुढे काम सुरू असं काहीतरी असेल तर तुमची सहाची स्ट्रिंग निवांत बसते. आकडे न बघता ‘बसतंय हो, सगळीकडे बसवतो’ म्हणणारा माणूस असेल तर दुसरा शोधा.

तिसरा रस्ता एसी कपलिंगचा. जुना ऑनग्रिड तसाच ठेवायचा, पण तो हायब्रिडच्या बॅकअप बाजूला किंवा जेन पोर्टला, म्हणजे जनरेटरसाठीच्या जोडणीला, जोडायचा. लाईट गेली की हायब्रिड बॅटरीवरून स्वतः २३० व्होल्ट ५० हर्ट्झ उभे करतो, ऑनग्रिडला वाटतं लाईन आली आणि तो उठतो. वर ज्याला जुगाड म्हटलं तेच हे, पण इथे बॅटरीकडे उलटी वीज घ्यायची सोय असलेला इन्व्हर्टर मध्ये आहे आणि लाईनकडचा रिले उघडलेला असतो, म्हणून हे चालतं. बॅटरी भरली आणि घरात लोड नाही अशा वेळी हायब्रिड फ्रिक्वेन्सी ५० च्या वर थोडी चढवतो आणि ऑनग्रिड सुटतो. हे फ्रिक्वेन्सी शिफ्टिंग दोघांनाही जमतंय ना हे आधी दोन्ही कंपन्यांकडून लेखी घ्या. आणि ऑनग्रिडची क्षमता हायब्रिडपेक्षा जास्त नको, ५ किलोवॅटचा ऑनग्रिड आणि ३ चा हायब्रिड ही जोडी दुपारी बाराला ट्रिप होत बसणार.

थ्री फेजवाल्यांना एक जादा गोष्ट. सिंगल फेज हायब्रिड एकाच फेजला बॅकअप देतो, त्यामुळे महत्त्वाचे लोड त्या एका फेजवर आणावे लागतात. तुमचा ऑनग्रिडही थ्री फेज असेल तर तो सिंगल फेज हायब्रिडच्या मागे एसी कपलिंगने चालणारच नाही, मग थ्री फेज हायब्रिड बघा नाहीतर पहिला रस्ता धरा.

कागदपत्रांचं लवकर उरकतो. केंद्राची सबसिडी पॅनेलच्या सिस्टीमला आहे, बॅटरीला नाही, ‘बॅटरीवर पण सबसिडी आणून देतो’ म्हणणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नका. योजनेत बसवलेल्या सिस्टीमची पाच वर्षांची देखभाल वेंडरकडे असते, दुसऱ्याने इन्व्हर्टर बदलला की तो हात वर करणार, म्हणून पहिल्यांदा त्यालाच विचारा, लेखी. दुसरा किंवा तिसरा रस्ता धरणार असाल तर महावितरणच्या उपविभाग कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या, कारण नेट मीटरच्या पुढे काय जोडलंय हे त्यांना माहीत असलं पाहिजे.

जागा

बॅटरी कुठे ठेवायची यावर घरात वाद होतात आणि शेवटी ती जिन्याखाली जाते. तिथे नको. आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता तोच असतो. बेडरूम नको, गॅस सिलिंडरच्या बाजूला नको. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर मुळीच नको, विदर्भ-मराठवाड्यात मेमध्ये त्या पत्र्याखाली हात ठेववत नाही, आणि ३५-४० डिग्रीच्या वर सतत राहिली की कुठल्याही बॅटरीचं आयुष्य घटतं. उत्तरेकडची भिंत, सावली, वारा खेळता, असा पॅसेज किंवा बंदिस्त पडवी उत्तम. ट्युब्युलर असेल तर हवा खेळतीच हवी, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. खारं वारं असलेल्या गावात डब्याचं आयपी रेटिंग (धूळ-पाणी किती अडवतो ते) बघा, ६५ असेल तर चांगलं, आणि लग म्हणजे केबलच्या टोकाचं धातूचं टोपण, त्याला आणि टर्मिनलला ग्रीस.

पूर येणाऱ्या गावातल्यांनी जमिनीवरचा विचारच करू नये. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजलेच्या तळमजले पाण्याखाली गेले, महाडला तेच, सांगली-कोल्हापूरने २०१९ आणि २०२१ असं दोनदा बघितलं. आजूबाजूच्या भिंतीवर लोकांनी पुराच्या खुणा करून ठेवल्यात, त्यांच्या वर, शक्यतो पहिल्या मजल्यावर. पन्नासएक किलोची बॅटरी असते, भिंतीला टांगणार असाल तर विटांची पक्की भिंत आणि अँकर बोल्ट.

वायरिंग, जिथे खरं काम आहे

कोटेशनमध्ये किलोवॅट आणि युनिटांवर घासाघीस होते आणि वायरिंगला ‘ॲट ॲक्चुअल’ लिहिलेलं असतं. माझ्या मते उलट करावं. चार युनिटची बॅटरी आणि नीट केलेलं बोर्ड ही जोडी आठ युनिटच्या बॅटरी आणि कशाही जोडलेल्या वायरींपेक्षा कधीही चांगली.

महत्त्वाच्या लोडचं वेगळं छोटं डीबी, म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्ड, करायचं. त्यात पंखे, दिवे, फ्रीज, राउटरचे सर्किट, बाकी गिझर-एसी-मोटार जुन्या डीबीवरच. वाचायला सोपं वाटतं, पण वीस-तीस वर्षं जुन्या घरात बोर्ड उघडला की खरं चित्र कळतं. प्रत्येक खोलीची फेज वेगळी आलेली असते पण न्यूट्रल मात्र एकाच ठिकाणी सगळ्या पिळून टेपने गुंडाळलेल्या, स्वयंपाकघराची न्यूट्रल हॉलमधून परत आलेली, बाथरूमची कुठून आली ते त्या वायरमनलाच ठाऊक. घाईतला माणूस काय करतो, नुसत्या फेज नवीन डीबीवर नेतो आणि न्यूट्रल तशाच ठेवतो. लाईट असते तोवर दिवे लागतात म्हणून सगळे खूश, मग आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा ब्रेकर, विनाकारण उडायला लागतो, कारण एका बाजूने गेलेला करंट दुसऱ्याच वाटेने परत येतोय, आणि लाईट गेली की बंद असायला हव्या त्या वायरीवर टेस्टर पेटतो. त्यामुळे बॅकअपच्या प्रत्येक सर्किटची फेज आणि न्यूट्रल दोन्ही वेगळ्या करून नव्या न्यूट्रल लिंकवर आणायच्या, कितीही वेळ लागू दे. अर्थिंग मात्र सगळ्या घराचं एकच.

अजून एक प्रश्न इलेक्ट्रिशियनला विचाराच: लाईट गेल्यावर बॅकअपची न्यूट्रल अर्थला कोण जोडतं? लाईन असताना ती डीपीवर अर्थ झालेली असते. हायब्रिड लाईनपासून सुटला की ती अधांतरी होते, आणि मग कुणाला शॉक लागला तरी आरसीसीबी उडेलच याची खात्री नाही. काही हायब्रिडमध्ये त्यासाठी आतच रिले असतो, काहींना बाहेरून लावावा लागतो. समोरच्याने ‘त्याची काही गरज नसते’ म्हटलं तर मॅन्युअल उघडून त्याच्या पुढ्यात ठेवा.

बॅटरी ते इन्व्हर्टर ही वायर आखूड आणि जाड. ५ किलोवॅट भागिले ४८ म्हणजे शंभराच्या वर अँपिअर, एवढा करंट घरातल्या दुसऱ्या कुठल्याच वायरीत नसतो. ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, दोन मीटरच्या आत. बॅटरीजवळ डीसीचा फ्यूज किंवा ब्रेकर, एसीचा एमसीबी तिथे चालत नाही, डीसीचा आर्क सहज तुटत नाही आणि आतली पट्टी वितळून चिकटते. काही डीसी ब्रेकरना दिशा असते, प्लस-मायनस उलटं लावलं तर गरजेच्या वेळी तेच पेटतात. केबलच्या टोकाला लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेला हवा. लग फरशीवर ठेवून हातोडीने ठोकणारे बरेच भेटतात, वरून हीटश्रिंकची प्लास्टिक नळी चढवली की ठोकलेलं काही दिसत नाही. म्हणून हीटश्रिंक चढवायच्या आधी बघा, दाब सगळीकडून सारखा आहे का, तारा बाहेर राहिल्यात का, आणि दोन्ही हातांनी जोर लावून ओढा. काम झाल्यावर फुल लोड तासभर चालवून लगच्या आसपास हात धरा, कोमट ठीक, चटका बसला तर पुन्हा करायला लावा.

बॅटरी पहिल्यांदा जोडताना ठिणगी पडते किंवा बीएमएस, म्हणजे बॅटरीला सांभाळणारं तिच्या आतलं सर्किट, लगेच ट्रिप होतो, बॅटरी खराब आहे म्हणून परत पाठवू नका, इन्व्हर्टरच्या आतले कॅपॅसिटर एकदम भरतात म्हणून तसं होतं. प्रीचार्ज रेझिस्टरने आधी ते भरून घ्यायचे, किंवा ज्या बॅटरीत ती सोय आतच आहे ती घ्यायची.

सेटिंग

एलएफपीचं व्होल्टेज मधल्या भागात जवळजवळ सपाट राहतं, ८० टक्के भरलेली आणि ४० टक्के भरलेली यात व्होल्टमीटरला फार फरक दिसत नाही. म्हणून बीएमएस आणि इन्व्हर्टर यांच्यात कॅन किंवा आरएस ४८५ ची डेटा केबल लागलीच पाहिजे आणि इन्व्हर्टरच्या यादीत तुमच्या बॅटरीचा प्रोटोकॉल असला पाहिजे, हे खरेदीच्या आधी बघायचं, नंतर नाही. ती केबल बोलत नसेल तर इन्व्हर्टर अंदाजाने चालतो आणि रात्री तीनला, ४५ टक्के दाखवत असताना, सगळं बंद होतं. हाताने सेट करावं लागलंच तर १६ सेलच्या बॅटरीला चार्जिंग ५६ व्होल्टच्या आसपास, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) ५४, आणि ४८ ला कट, पण बॅटरीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. चार्जिंग करंट १०० एएचला ३० ते ५० अँपिअर, त्याहून घाई नको.

मोडचं बघा. बसवणारे बऱ्याचदा ‘सोलर-बॅटरी-युटिलिटी’ असं ठेवून जातात, म्हणजे संध्याकाळ झाली की लाईट असतानाही बॅटरी उतरायला लागते, आणि रात्री अकराला लाईट जाते तेव्हा बॅटरीत काही उरलेलं नसतं. नेट मीटर असेल तर बॅकअप मोड ठेवा, लाईट असेपर्यंत बॅटरी भरलेलीच राहू दे. टीओडीसाठी किंवा नेट मीटर नाही म्हणून रोज वापरणार असाल तर निदान ३० ते ४० टक्के राखीव ठेवा, पावसाळ्यात ७०-८०. आपल्याकडे १ किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतं, पण कोकणात जुलैच्या झडीत तेच दीडवर येतं, आणि लाईट जायचे दिवस नेमके तेच.

बसवणारा जायच्या आधी

पूर्ण पैसे द्यायच्या आधी त्याच्यासमोर मेन स्विच पाडा. बॅकअपवरचा कॉम्प्युटर रीस्टार्ट न होता चालू राहिला पाहिजे, चांगला हायब्रिड १० ते २० मिलिसेकंदात बदलतो. मग इन्व्हर्टरच्या लाईनकडच्या बाजूला, म्हणजे मेन स्विचमधून घराकडे जाणाऱ्या टर्मिनलवर, मल्टीमीटर लावायला सांगा, तिथे शून्य यायला हवं. हे सगळ्यात महत्त्वाचं, वायरमनचा जीव याच आकड्यावर आहे. मेन बंद ठेवूनच गिझर आणि मोटारीचं बटण दाबून बघा, चालू झालं तर कुठेतरी वायर चुकलीये. फ्रीज बंद करून पाचेक मिनिटांनी चालू करा, सोबत मिक्सर फिरवा. ऊन असेल तर पॅनेल परत सुरू होतात का बघा, लगेच नाही होणार, काही मिनिटं थांबा. मग एक रात्र पूर्ण बॅटरीवर काढून सकाळी किती टक्के उरलं ते तुमच्या कागदावरच्या यादीशी ताडून बघा. डीबीवर मराठीत लेबलं लावून घ्या, मेन स्विचजवळ ‘बॅटरी आहे, मेन पाडला तरी आत वीज असते’ असा स्टिकरही लावा, उद्या दुसराच कुणी फॅन दुरुस्त करायला येईल.

पुढची देखभाल फार नाही. एलएफपी दोन-तीन आठवड्यांतून एकदा पूर्ण १०० टक्के भरू द्या म्हणजे सेल बॅलन्स होतात आणि टक्केवारीचा आकडाही जागेवर राहतो. सहा महिन्यांनी ब्रेकर पाडून लगचे बोल्ट तपासून घ्या. ट्युब्युलर असेल तर दर तीनेक महिन्यांनी पाण्याची पातळी, आणि नळाचं पाणी नाही. घर महिनाभर बंद ठेवून गावाला किंवा परदेशात मुलांकडे जाणार असाल तर बॅटरी रिकामी सोडून जाऊ नका, निम्मी-अर्धी भरून ब्रेकर पाडा, फ्रीज मोकळा करून बंद.

वादळाचा इशारा आला की आदल्या दिवशी राखीव टक्के १०० वर नेऊन ठेवा, टाकी काठोकाठ भरा, गिझर आणि मोटारीचे एमसीबी आधीच पाडून ठेवा, आणि फ्रीजमध्ये बाटल्यांत बर्फ करून घ्या म्हणजे रात्री फ्रीज बंद ठेवला तरी सकाळचं दूध नासत नाही.